शंकरनगरचं सस्पेन्स कॉर्ड्सचं वर्कशॉप: नाटकाला पार्श्वसंगीत देणाऱ्यांनी नक्की करावं असं

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगते, पैसे वसूल आहेत, जा. नागपुरात कीबोर्ड शिकवणारे भरपूर आहेत, गाणी बसवून देणारे तर गल्लोगल्ली, पण नाटकाला किंवा शॉर्टफिल्मला जे लागतं ते, म्हणजे स्टेजवर काहीच घडत नसताना प्रेक्षकाला "आता काहीतरी होणार" असं वाटायला लावणारं वाजवायचं कसं, हे समोर बसवून शिकवणारं कोणी मला तरी माहीत नव्हतं. हे वर्कशॉप फक्त तेवढंच शिकवतं. शनिवार-रविवार असतं, दोन वीकेंड, फी ३५०० रुपये, शंकरनगर चौक मेट्रो स्टेशनला उतरून थोडं आत चालत जायचं, शिकवणाऱ्या सरांच्या घराचाच वरचा मजला आहे. कीबोर्ड स्वतःचा न्यायचा, नसेल तर हार्मोनियमही चालते आणि ते नुसतं म्हणायला नाही, आमच्या बॅचला एक काका खरंच हार्मोनियम घेऊन आले होते आणि त्यांचं काहीच अडलं नाही.

मी का गेले ते सांगते म्हणजे माझा रिव्ह्यू कुठून येतोय ते कळेल. आमचा हौशी नाटकाचा ग्रुप आहे, एकांकिका करतो, राज्य नाट्य स्पर्धेत उतरतो आणि म्युझिक माझ्याकडे असतं. आता सायंटिफिक सभागृहात स्पर्धेची नाटकं जे बघतात त्यांना माहीत असेल, ओळीने नाटकं बसून बघितली की तोच तो ढगांचा गडगडाट, तीच ती कुत्र्याची ओरड आणि तोच तो व्हायोलिनचा किंचाळणारा तुकडा परत परत ऐकू येतो, कारण सगळ्यांनी तो एकाच ठिकाणाहून डाऊनलोड केलेला असतो. प्रेक्षक दचकतो हो, पण तो आवाजाला दचकतो, गोष्टीला नाही. दचकवणं आणि ताटकळत ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि मला दुसरं शिकायचं होतं.

बॅच बारा-पंधरा जणांची होती आणि एकदम मिक्स. इंजिनिअरिंगची दोन-तीन पोरं जी शॉर्टफिल्म करतात, चर्चमध्ये पियानो वाजवणाऱ्या एक मॅडम, ते हार्मोनियमवाले काका, आणि वडशाकडून आलेले एक भाऊ जे झाडीपट्टीत ऑर्गन वाजवतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, झाडीपट्टी म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातली नाटकं, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीनंतर सीझन सुरू होतो आणि नाटक रात्रभर चालतं, आणि तिथे म्युझिक लॅपटॉपवरून नसतं, वादक तिथेच बसून लाइव्ह वाजवतात. या भाऊंचा हात इतका तयार होता की सर अर्ध्या गोष्टी त्यांनाच वाजवून दाखवायला सांगत होते.

पहिल्या दिवशी तर सरांनी कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले तीन-चार सूर, वाजवलाच नाही. फक्त दोन सूर. पांढरी एक आणि काळी तीन (सप्तकातल्या पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या डावीकडून मोजायच्या), म्हणजे सा आणि तीव्र म. बारा अर्ध्या सुरांचं सप्तक, त्याच्या बरोब्बर मधोमध हे अंतर येतं, सहा खाली सहा वर, पाश्चात्य संगीतात याला ट्रायटोन म्हणतात. आता युट्यूबवर याच्याबद्दल एक गोष्ट खूप फिरते की मध्ययुगात चर्चने यावर बंदी घातली होती, वाजवणाऱ्याला शिक्षा व्हायची वगैरे. सरांनी ते साफ खोडून काढलं, अशा बंदीचा काही पुरावा नाही, "संगीतातला सैतान" असा जो लॅटिन शब्दप्रयोग आहे तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या ग्रंथांत ठळकपणे दिसतो, आणि जुने लोक हे अंतर टाळायचे ते मुख्यतः गायला अवघड म्हणून. मला हे फार आवडलं, कारण रंगवून सांगितलेली गोष्ट जास्त विकली जाते हे माहीत असूनही माणूस खरं ते सांगत होता.

मग त्यांनी विचारलं, हेच दोन सूर यमनमध्ये आहेत, तंबोऱ्यावर सा वाजून राहिला असतो आणि गवई तीव्र मध्यम लावतो, तेव्हा भीती वाटते का? नाही वाटत. का नाही वाटत? हार्मोनियमवाले काका लगेच म्हणाले, पुढे पंचम आहे ना! बस, हाच सगळ्या वर्कशॉपचा गाभा. तीव्र म च्या डोक्यावर अर्ध्या सुरावर प बसलेला असतो, कानाला माहीत असतं की हा तिकडेच चाललाय. तो प द्यायचाच नाही, तीव्र म वरच सोडून द्यायचं, आणि बघा खोली कशी शांत होते. मग सरांनी मारवा घेतला, त्यात पंचमच नाही, शिवाय रे कोमल आणि सगळा जोर रे आणि ध वर, सा ला मुद्दाम टाळत राहायचं, आणि म्हणूनच संध्याकाळचा मारवा ऐकताना पायाखालची जमीन सरकल्यासारखं होतं. भीतीदायक असा वेगळा सूर नसतोच, घरी जाऊ न दिलेला सूर असतो. हे वाक्य माझं आहे, सरांनी एवढं सजवून नाही सांगितलं, पण अर्थ तोच.

परदेशी उदाहरण म्हणून त्यांनी वॅग्नर या जर्मन संगीतकाराचा १८६५ सालचा ऑपेरा, म्हणजे संगीत नाटक, सांगितला, त्रिस्तान आणि इझोल्डचा, ज्यात अगदी सुरुवातीलाच एक अस्वस्थ कॉर्ड येतो, तो सुटतो तो दुसऱ्या अस्वस्थ कॉर्डवर, आणि खरा विसावा मिळतो तो चारेक तासांनी शेवटी. चार तास! आपल्याला तर एकांकिकेत पाऊण तासच मिळतो.

अजून एक गोष्ट पहिल्याच दिवशीची. अँप्लिफायर चालू केला की जी बारीक गुणगुण येते ना, आपल्या सभागृहांमध्ये तर हमखास येते, सरांनी सगळ्यांना गप्प बसवून ती ऐकायला लावली आणि तिचा सूर शोधायला सांगितला. आपली वीज ५० हर्ट्झची, गुणगुण बहुतेक त्याच्या दुपटीला म्हणजे १०० हर्ट्झला ऐकू येते, आणि मंद्रातली, म्हणजे खालच्या सप्तकातली, पांढरी पाच आहे ९८ हर्ट्झची, म्हणजे ही गुणगुण पांढरी पाचच्या जराशी वर असते. आता यावर हळूच काळी एक वाजवा, ट्रायटोन तयार. ते भाऊ तर हसायलाच लागले की इतकी वर्षं ज्याच्यावर माईकवाल्याशी भांडतो तोच आपला तंबोरा निघाला. नाटकात हे कामाचं आहे, खरंच आहे, कारण हॉल जो आवाज आधीच करून राहिलाय त्याच्या विरुद्ध सूर लावला की प्रेक्षकाला म्युझिक सुरू झालं हे कळतही नाही आणि अस्वस्थपणा मात्र सुरू होतो.

दुसऱ्या दिवशी कॉर्ड्स. डिमिनिश्ड सेव्हन्थपासून सुरुवात. पांढरी एक, काळी दोन, काळी तीन, पांढरी सहा. प्रत्येक सुरामध्ये सारखंच अंतर, तीन-तीन अर्धे सूर, त्यामुळे यातला मुख्य सूर कोणता हे कानाला ठरवताच येत नाही, आणि याच कारणाने असे वेगळे कॉर्ड पूर्ण कीबोर्डवर फक्त तीनच आहेत, बाकी सगळी त्यांचीच उलटापालट. सर म्हणाले व्हरायटी चौकातल्या सगळ्या पाट्या रात्रीतून काढून टाकल्या आणि तुम्हाला मधोमध उभं केलं तर जे होईल ते हे. चारी रस्ते सारखेच. आणि हे नुसतं बोलायला नाही, बोटांनी करून बघता येतं. चारपैकी कोणताही एक सूर अर्ध्या सुराने खाली आणा, लगेच एक डॉमिनंट सेव्हन्थ, म्हणजे ठरलेल्या मुक्कामाकडे ओढणारा कॉर्ड, तयार होतो आणि रस्ता उघडतो. पांढरी एकला पांढरी सातवर उतरवलं तर गाडी पांढरी तीनच्या स्केलकडे जाते, काळी दोनला पांढरी दोनवर उतरवलं तर पांढरी पाचकडे, काळी तीनला पांढरी चारवर आणलं तर काळी पाचकडे, पांढरी सहाला काळी चारवर आणलं तर काळी एककडे. आम्ही हे सगळे करून बघितले, आणि मग सरांनी सांगितलं की आता एकही करू नका, चौकातच थांबा.

पण त्यांनी इथे एक फार उपयोगी इशारा दिला. हा कॉर्ड इतका वापरला गेलाय की बिचारा बदनाम झालाय. मूकपटाच्या काळी थिएटरात पियानोवाले व्हिलन आला की हाच कॉर्ड घासायचे, त्यामुळे चारही सूर एकदम ढँगकन वाजवले तर भीती वाटण्याऐवजी जुना सिनेमा आठवतो. यातले दोनच सूर घ्या, तिसरा उशिरा द्या, चौथा देऊच नका. याने फरक पडतो, मी घरी येऊन करून बघितलंय.

ऑगमेंटेड कॉर्डवर फार वेळ घालवला नाही, सा, शुद्ध ग, कोमल ध, हा पण सारख्या अंतरांचा, याचे वेगळे प्रकार चारच, आणि हा भीतीपेक्षा स्वप्नाच्या सीनला, भान हरपण्याच्या सीनला चांगला. मला हा कधी फारसा आवडला नाही आणि वर्कशॉपनंतरही आवडला नाही, तो बाजूला राहू द्या.

खरी मजा मायनर मेजर सेव्हन्थला आली. पांढरी एक, काळी दोन, पांढरी पाच, पांढरी सात. सा, कोमल ग, पंचम, शुद्ध नी. खाली साधा मायनर, दुःखी पण ओळखीचा, आणि वर तो शुद्ध निषाद सा पासून अर्ध्याच सुरावर अडकून बसलेला. हिचकॉकच्या १९६० सालच्या सायको सिनेमात बर्नार्ड हरमनने ज्या जातीचा कॉर्ड असा काही वापरला की लोक त्याला हिचकॉक कॉर्डच म्हणायला लागले, तो हा. त्या सिनेमाचं पार्श्वसंगीत पूर्ण फक्त तंतुवाद्यांवर आहे, ड्रम नाही की पितळी वाद्य नाही, आणि बाथरूमच्या त्या सीनला दिग्दर्शकाला आधी म्युझिक नकोच होतं, हरमनने तरी बनवून ऐकवलं आणि मग ते ठेवलं गेलं. नाटकाच्या दिग्दर्शकांनी ही गोष्ट ऐकावी असं मला फार वाटतं, आणि म्युझिकवाल्यांनी तर जास्तच.

तर हा कॉर्ड वाजवल्यावर सरांनी काकांना म्हटलं, काका, हेच चार सूर एकामागून एक घ्या बरं, गाऊन दाखवा. काकांनी सा, कोमल ग, प, नी असं धरलं आणि सगळी खोली एकदम म्हणाली, अरे हा तर पटदीप! खरंच पटदीपच. कोमल गंधार, शुद्ध निषाद, विरहाचा राग, दुपारी ऐकला की जीव कासावीस होतो पण भीती अजिबात वाटत नाही. तेच चार सूर एकाच क्षणी एकत्र दाबले की अंगावर काटा. मग सर म्हणाले आधीच्या डिमिनिश्डचे सूर बघा, सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध ध, हे सगळे मधुवंतीत आहेत. मधुवंती! एवढा गोड राग! मी हे ऐकून खरंच थोडा वेळ गप्प झाले. म्हणजे आपल्या रागात सूर रांगेत येतात, प्रत्येकाला आपापली वेळ मिळते, आधीचा मावळतो मग पुढचा उगवतो, खाली सा धरून असतो म्हणून कान निर्धास्त. कॉर्डमध्ये ते सगळे एकमेकांच्या अंगावर उभे राहतात आणि सा आणि तीव्र म सारख्या सुरांमध्ये जो ताण आहे त्याला लपायला जागा उरत नाही. मी लहानपणी शास्त्रीय शिकले आणि नंतर कीबोर्डकडे वळले, दोन्ही गोष्टी डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत होत्या, त्या मला इथे पहिल्यांदा एका जागी दिसल्या. फक्त एवढ्या एका तासासाठी सुद्धा मी फी भरली असती.

वडशाच्या भाऊंनी तर हा कॉर्ड ऐकल्या ऐकल्या आपल्या कीबोर्डवर ऑर्गनचा टोन लावून सरळ तोच धरला आणि वरचा निषाद थरथरवत ठेवला आणि म्हणाले, "हे त आमी रोजच वाजवतो जी, नाव मालूम नव्हतं." सर म्हणाले नावाचं जाऊ द्या, तुम्ही तो निषाद कसा हलवला ते यांना दाखवा. मग पुढची पंधरा-वीस मिनिटं भाऊंनीच क्लास घेतला.

आणि आता ती एक गोष्ट जी मी या वर्कशॉपमधून कायमची घेऊन आले. सी मायनर धरा, पांढरी एक, काळी दोन, पांढरी पाच. आता मधलं बोट काळी दोनवर तसंच ठेवा, अजिबात उचलायचं नाही. खालचं बोट पांढरी एकवरून अर्धा सूर खाली, पांढरी सातवर. वरचं बोट पांढरी पाचवरून अर्धा सूर वर, काळी चारवर. झालं, हा काळी चारचा मायनर. दोन्ही कॉर्ड साधे मायनर आहेत, दोन्हींत काही बेसूर नाही, भजनाला वाजणारे कॉर्ड आहेत हे, पण एकावरून दुसऱ्यावर गेलं की खोलीतला उजेडच बदलतो. एक सूर जागेवर, बाकीचे दोघे विरुद्ध दिशेला अर्धं अर्धं पाऊल सरकतात, त्यामुळे कानाला वाटतं काही हललंच नाही आणि तरी आपण भलतीकडे पोचलोय. वॅग्नरने जादूच्या टोपीसाठी, जी घातली की माणूस गायब होतो, हीच चाल वापरली होती आणि नंतर सिनेमावाल्यांनी ती इतकी उचलली की आपण सगळ्यांनी ती कुठे ना कुठे ऐकलेली आहे. सरांनी आमच्याकडून हे एकेकाला करून घेतलं, आणि सारखं एकच सांगत होते, "मधलं बोट विसरा, ते आहे तिथे राहू द्या, आणि बदल हळू करा, कोणाला कळायला नको तुम्ही कधी सरकलात." चर्चवाल्या मॅडमनी पेडल न दाबता नुसत्या बोटांनी हे इतकं सुंदर केलं की परत करायला लावलं.

यानंतरचा भाग आवाजाचा. तोच कॉर्ड मंद्रात जवळजवळ दाबला तर नुसता चिखल होतो, सूर एकमेकांत घासतात, कळतच नाही काय वाजतंय. खाली एकटा सा, मग मध्ये चांगली मोकळी जागा, आणि ताणाचे सूर दोन सप्तकं वर, असं पसरवलं की तोच कॉर्ड गार होतो. स्ट्रिंग्जचा टोन घेतला तर की जोरात दाबायची नाही, आवाज मागून येऊ द्यायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कॉर्ड कधी काढायचा. सरांनी एक छोटा सीन दिला, बाई घरात एकटी आहे, टेबलावर पाकीट आहे, ती ते उघडते. इंजिनिअरिंगची पोरं वाचत होती आणि आम्ही वाजवत होतो. सगळ्यांनी पाकीट उघडताना कॉर्ड दिला, साहजिकच आहे. सर म्हणाले आता ती पाकिटाकडे फक्त बघते तेव्हा कॉर्ड द्या आणि उघडताना एकदम बंद करा. बाप रे. ती शांतता इतकी वाजली की वाचणारा पोरगाच पुढचं वाक्य विसरला. १९७५ सालच्या जॉज सिनेमातले ते दोन सूर, अर्ध्या सुराचं अंतर, सगळ्यांना माहीत असतात, त्यावरही सर हेच म्हणाले की त्यातलं थांबणं ऐका, नुसते सूर नका ऐकू.

आता जे खटकलं ते.

एक म्हणजे कूलर. मी मे महिन्यात केलं आणि नागपूरचा मे कसा असतो ते सांगायला नको, वरचा मजला, तापलेला स्लॅब, आणि वाळ्याचा कूलर असा घरघर करत होता की मंद्रातले सूर गिळून टाकत होता. ऐकायच्या वेळी सर कूलर बंद करायचे, मग दहा मिनिटांत सगळे घामाघूम, मग परत चालू. सूर ऐकायच्या वर्कशॉपला हे बरोबर नाही. पावसाळ्यानंतरची बॅच घ्या असं मी सरळ सांगीन.

दुसरं, लॅपटॉपवाला भाग फार घाईत उरकला. शेवटच्या दिवशी संध्याकाळी तासाभरात रेकॉर्डिंग, टोन थरावर थर लावणं, क्यू (कोणत्या वाक्याला कोणता तुकडा वाजणार ते) लावणं, सगळं कोंबलं. हौशी ग्रुपवाल्यांना लाइव्ह वाजवायला दर वेळी जमत नाही, आम्हाला क्यूवर प्ले दाबायचं असतं, त्यामुळे हा भाग निदान अर्धा दिवस तरी हवा. पोरांना काही वाटलं नाही कारण त्यांना ते येतच होतं, पण काका आणि मॅडम पार हरवून गेले.

तिसरं, उदाहरणं जवळजवळ सगळी बाहेरची. रागांचं जे केलं ते अप्रतिमच, पण आपल्याकडच्या सिनेमातलं काय? १९४९ चा महल आहे, १९६४ चा वो कौन थी आहे, मराठीत १९७६ चा हा खेळ सावल्यांचा आहे ज्याचं संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, यातली गूढ वातावरणं कशी उभी केली ते उलगडून दाखवलं असतं तर अजून घरचं वाटलं असतं. मी सरांना हे बोलले, ते म्हणाले वेळ पुरत नाही, ते मला पटलं नाही, ऑगमेंटेडचा भाग कमी करा आणि हे घाला.

नोट्सचंही थोडं आहे. बोर्डावर सगळं इंग्रजी अक्षरांत लिहितात, तोंडाने मात्र काळी-पांढरी आणि सरगम दोन्ही सांगतात. ज्यांना इंग्रजी स्वरनावं येत नाहीत त्यांना फोटो काढून घरी जाऊन उलगडा करावा लागतो. काकांना मीच त्यांच्या वहीत काळी-पांढरीत लिहून दिलं. एक छापील कागद दिला तर सगळ्यांचं काम होईल, फार मोठी गोष्ट नाही.

सरांचा स्वभाव मात्र फार चांगला. कोणाला कमी लेखत नाहीत, "हे बेसिक आहे" असं एकदाही म्हणाले नाहीत, वयाने मोठ्यांना "काका, तुम्ही सांगा" म्हणून आधी विचारणार, आणि प्रश्न विचारला तर उत्तर तोंडाने न देता कीबोर्डकडे वळून वाजवून देणार. मधल्या सुट्टीत वहिनींनी केलेलं कैरीचं पन्हं मिळतं, ते फीमध्ये धरलेलं आहे की नाही माहीत नाही पण तीन ग्लास प्यायला कोणी नाही म्हणत नाही.

कोणी जावं? ज्याला मेजर-मायनर कॉर्ड धरता येतात आणि बोटं फार शोधावी लागत नाहीत त्याने जावं. अगदी नवीन असाल तर नका जाऊ, पहिल्या दिवशीच मागे पडाल, आधी कुठेतरी सहा महिने बेसिक करा. कीबोर्ड साधा ६१ कीजचा पुरतो, फक्त टच सेन्सिटिव्ह असला पाहिजे म्हणजे हळू दाबलं की हळू वाजणारा, नाहीतर यातलं अर्धं करताच येणार नाही, बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, घ्यायला गेलात तर दुकानदाराला आधी हेच विचारा आणि हळू दाबून बघा. सस्टेन पेडल, म्हणजे सूर लांबवणारं पायातलं पेडल, जवळ असेल तर न्या. हार्मोनियमवाल्यांनी बिनधास्त जा, ती मायनरवाली चाल तर हार्मोनियमवर जास्त अंगावर येते कारण भाता हळू केला की दोन्ही सूर आपोआप मावळत जातात.

गिटारवाल्यांना किती उपयोग होईल ते सांगता येणार नाही, आमच्यात कोणी नव्हतं.

एकच मोठी उणीव मला वाटते ती तालाची. सस्पेन्स म्हटलं की नुसते कॉर्ड नसतात, खाली एक ठोका असतो, तो कधी येतो कधी चुकवतो यावर अर्धा खेळ असतो, आणि झाडीपट्टीचे भाऊ तर सांगत होते की त्यांच्याकडे ऑक्टोपॅडवाला (काठीने वाजवायचे इलेक्ट्रॉनिक ड्रम) आणि ऑर्गनवाला एकमेकांच्या डोळ्यांकडे बघत वाजवतात. त्यांनीच शेवटच्या दिवशी विषय काढला, मी पण जोर लावला, आणि दिवाळीच्या आधीच्या बॅचला त्यांच्या ओळखीतला एक ऑक्टोपॅडवाला अर्ध्या दिवसासाठी बोलवायचं सरांनी कबूल केलंय. सीझन सुरू झाला की ही मंडळी सापडत नाहीत, म्हणून ज्यांना यायचंय त्यांनी ती बॅच धरा, मी पण त्या अर्ध्या दिवसासाठी परत नाव दिलंय.